गुप्त नभोवाणीच्या उषाबेन मेहता

सुरत म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवते ती १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी. परंतु याच शहराजवळील सरस नावाच्या लहानशा गावी २५ मार्च १९२० रोजी एक मुलगी जन्मास आली. पुढे तिने परक्या सरकारास, तलवार हाती न धरता, जेमतेम तीन महिने पण चांगलेच हैराण केले. त्या उषाबेन मेहता होत.

वडील ब्रिटिश सरकारचे न्यायाधीश. तेव्हा मुलीने चळवळीत पडावे हे त्यांस मानवणे कठीणच होते. तरीही सायमन कमिशनच्या निषेधाची मिरवणूक निघाली, तीत आठ वर्षांची उषा होतीच. वडील सेवानिवृत्त झाले आणि १९३२ साली कुटुंब मुंबईस आले, तेव्हा ही अडचण दूर झाली. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन १९३९ साली त्या पदवीधर झाल्या व कायद्याचा अभ्यास करू लागल्या.

तो अभ्यास १९४२ च्या ऑगस्टमध्ये थांबला. ८ ऑगस्टला गोवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच गांधीजींसह सारे पुढारी गजाआड झाले. वृत्तपत्रांवर बंधने आली. देशात काय चालले आहे हे देशासच कळेना. तेव्हा उषाबेन व त्यांच्या काही तरुण सोबत्यांनी ठरविले की, आपण स्वतःचे नभोवाणी केंद्र काढावयाचे! पैशाचा प्रश्न होताच. तो बाबुभाई खाखर यांनी अंगावर घेतला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांजकडून काही साहित्य मिळाले.

नभोवाणी केंद्र म्हटले म्हणजे उंच मनोरे आणि किलोवॅटच्या मापाने मोजावयाची अवजड यंत्रे डोळ्यांपुढे येतात. या तरुणांजवळ त्यांतील काहीच नव्हते. मग त्यांचा आवाज दूरवर जावा कसा? येथे निसर्गच त्यांच्या साह्यास आला. पृथ्वीपासून सुमारे शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर विद्युत्भारित वायूंचे थर आहेत. त्यांस आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्यांपर्यंत जाऊन पुन्हा जमिनीकडे वळतात, आणि म्हणूनच अल्प शक्तीच्या यंत्राचा आवाजही शेकडो मैलांवर उतरू शकतो. हौशी रेडिओवाले हे फार पूर्वीपासून जाणत होते. आजही त्यांच्यातील कित्येक जण पाच वॅट किंवा त्याहूनही कमी शक्तीवर, म्हणजे घरातल्या एका लहानशा दिव्याइतक्या विजेवर, समुद्रापलीकडील मित्रांशी संधान बांधण्यात आनंद मानतात. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हिंदुस्थानातील हौशी लोकांचे परवाने रद्द केले व यंत्रे जमा करावयास सांगितले. यंत्रे जप्त झाली तरी विद्या थोडीच जप्त होते? अशाच एका जाणकाराच्या हातून काँग्रेस रेडिओचे यंत्र सिद्ध झाले. त्याची लहर ४२.३४ मीटर लांबीची होती. हौशी रेडिओवाल्यांचा ४० मीटरचा म्हणून जो पट्टा आहे, त्यातीलच ती होय.

ध्वनिमुद्रण एके ठिकाणी व्हावे आणि प्रक्षेपण दुसरीकडून. आरंभी दिवसातून दोनदा, पुढे सायंकाळी साडेसात ते साडेआठ या वेळात, हिंदुस्थानीत व इंग्रजीत बातम्या व भाषणे होत. राममनोहर लोहियांचा या कामी मोठा आधार होता. जमशेदपूरचा संप, विदर्भातील आष्टी व चिमूर येथील अत्याचार हे सारे छापावयास वृत्तपत्रे धजत नव्हती. ते लोकांनी या रेडिओवर ऐकले. पोलिसही ऐकतच होते, आणि शब्दन् शब्द टिपून ठेवीत होते. गंमत अशी की, त्यांनी टिपलेले हे कागदच आज अभ्यासकांच्या उपयोगी पडले आहेत.

पोलिसांच्या गाड्यांवर लहरीची दिशा दाखविणारी यंत्रे असत. दोन ठिकाणांहून दिशा घेतल्या की त्या रेषा जेथे छेदतील तेथे केंद्र असावयाचे. यास्तव उषाबेन यंत्र घेऊन चौपाटी, वाळकेश्वर, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी अशा जागा सतत बदलीत राहिल्या. अखेर घात झाला तो यंत्राने नव्हे, माणसाने. तंत्रज्ञांपैकीच एक जण पोलिसांस फितूर झाला.

१२ नोव्हेंबर १९४२. बाबुभाईंच्या कचेरीवर धाड पडली. उषाबेन महत्त्वाचे कागद घेऊन तेथून निसटल्या व सहकाऱ्यांस सावध करून आल्या. आता लपून बसणे शक्य होते. परंतु सायंकाळचा कार्यक्रम ठरलेला होता, आणि श्रोते वाट पाहत असणार! चंद्रकांत झवेरी यांना बरोबर घेऊन त्या गिरगावातील पारेखवाडीत गेल्या. शेवटचे वंदे मातरम् लागले असतानाच पोलिसांनी दारे फोडली.

सहा महिने चौकशी चालली. माहिती दिल्यास परदेशी शिक्षणास पाठवू, असे आमिषही दाखविण्यात आले. उषाबेन गप्प राहिल्या. न्यायालयात त्यांनी न्यायाधीशांस विचारले की, उत्तरे देणे आपणांवर बंधनकारक आहे काय? नाही, असे कळताच त्यांनी एकाही प्रश्नास उत्तर दिले नाही, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही. बाबुभाईंस पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे व चंद्रकांतांस एक वर्ष अशी शिक्षा झाली. नानक मोटवानी व विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले.

येरवड्याच्या तुरुंगात त्यांची प्रकृती खालावली. १९४६ साली त्या सुटल्या. पण पूर्वीची शक्ती लगेच परत आली नाही, आणि स्वातंत्र्याच्या सोहळ्यांत त्यांस भाग घेता आला नाही. पुढे त्यांनी गांधीजींच्या विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, विल्सन महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे शिकविले आणि मणिभवनाचा कारभार पाहिला. साधी खादी हाच त्यांचा वेष राहिला. १९९८ साली पद्मविभूषण मिळाले.

दर वर्षी ९ ऑगस्टला त्या त्याच जुन्या मैदानावर, आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, जात. २००० साली अंगात ताप होता, तरी गेल्या. ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.