रात्री दोनची गस्त

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या गेटबाहेर टेडी बेअरचे ढीग लागतात. त्या अस्वलाला ज्याच्यावरून नाव पडलं तो थिओडोर रूझवेल्ट, अमेरिकेचा २६ वा राष्ट्राध्यक्ष. (दुसऱ्या महायुद्धातला फ्रँकलिन रूझवेल्ट तो वेगळा, या थिओडोरचा लांबचा नातेवाईक.) १९०२ मध्ये शिकारीला गेला असताना बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्याने नकार दिला. त्याचं व्यंगचित्र पेपरात आलं आणि एका दुकानदाराने ते नाव खेळण्याला दिलं. गंमत म्हणजे, टेडी म्हटलेलं त्याला स्वतःला अजिबात आवडायचं नाही.

पण राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. आज गोष्ट आहे त्याने केलेल्या पोलिसांच्या नोकरीची. तुमच्यापैकी जे पीएसआयचा अभ्यास करताहेत, ग्राउंडसाठी पहाटे पाचला उठून पळताहेत, त्यांनी तर वाचाच.

थिओडोर जन्मला २७ ऑक्टोबर १८५८ ला, न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत घरात. लहानपणी दम्याने इतका बेजार की रात्र रात्र उशाला टेकून बसायचा. डोळ्यांवर जाड चष्मा. व्यायाम करून, बॉक्सिंग शिकून त्याने अंग कमावलं. हार्वर्डमधून पदवी घेतली आणि लगेच राजकारणात उडी मारली. मग १४ फेब्रुवारी १८८४ उजाडला. तुमचा तो व्हॅलेंटाइन्स डे. त्या एकाच दिवशी, एकाच घरात त्याची आई आणि बायको दोघी गेल्या. बायको दोन दिवसांची बाळंतीण होती. तो सगळं सोडून पश्चिमेला डाकोटाच्या माळरानावर गुरं पाळायला निघून गेला.

तिथे तो डेप्युटी शेरीफही होता, म्हणजे त्या भागातला अर्धवेळ पोलीसच समजा. १८८६ च्या वसंतात तीन जणांनी त्याची होडी पळवली. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. याने दोन साथीदारांच्या मदतीने नवी होडी तयार केली, चोरांचा पाठलाग केला आणि एक गोळीही न झाडता तिघांना पकडलं. त्या मुलखात चोराला झाडाला लटकवणं किंवा जागेवर गोळी घालणं फारसं कुणी मनावर घेत नसे. याने ते केलं नाही. थंडी इतकी की हातपाय बांधले असते तर ते गोठून गेले असते, म्हणून त्याने चोरांचे बूट काढून घेतले आणि बंदूक घेऊन स्वतः पहारा दिला. काटेरी निवडुंगांच्या त्या रानात अनवाणी पळणार कुठे? बर्फाने नदी अडली, बरेच दिवस गेले. पहारा देताना तो टॉलस्टॉयची अ‍ॅना कॅरेनिना वाचत होता. शेवटचा टप्पा त्याने चोरांना गाडीत बसवून, गाडीमागे चिखलातून चालत, न झोपता पार केला आणि डिकिन्सन गावात तिघांना शेरीफच्या ताब्यात दिलं. एका होडीसाठी एवढा खटाटोप वेडेपणाच वाटेल. पण हातात बंदूक आहे म्हणून शिक्षा देण्याचा अधिकारही आपलाच, असं त्याने मानलं नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

आता थेट न्यूयॉर्क, मे १८९५. शहराचं पोलीस खातं तेव्हा नाक्यानाक्यावर बदनाम झालेलं. आदल्याच वर्षी लेक्सो समितीच्या चौकशीत खात्याची लक्तरं बाहेर आली होती. दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे, वेश्यावस्ती, सगळीकडून हप्ता ठरलेला. बढतीलाही दर होता. कॅप्टन होण्यासाठी १५ हजार डॉलर मोजल्याची कबुली एका अधिकाऱ्याने समितीपुढे दिली. एवढे पैसे भरून खुर्चीवर बसलेला माणूस ते वसूल कुठून करणार, हे तुम्हाला सांगायला नको. नव्या महापौराने चार जणांचं पोलीस मंडळ नेमलं आणि त्या चौघांनी रूझवेल्टला अध्यक्ष केलं. वय ३६.

मलबेरी स्ट्रीटवरच्या मुख्यालयात त्याची दोस्ती जमली जेकब रीस या पत्रकाराशी. झोपडपट्ट्यांचे फोटो काढून शहराला हलवून सोडणारा हाच तो रीस. रात्री शहर कसं दिसतं हे त्याला पाठ होतं. जूनमधल्या एका रात्री दोनच्या सुमाराला दोघं चालत निघाले. बरोबर ना शिपाई, ना गाडी.

इथे गस्तीचं गणित समजून घ्या. शहराचे छोटे तुकडे पाडलेले, प्रत्येक तुकड्यावर एक शिपाई. आपण ज्याला बीट म्हणतो तेच. शिपायाने ठरलेल्या रस्त्यांवरून सतत फिरत राहायचं, दुकानांची दारं लागली आहेत का पाहायचं, आग, भांडण, चोरी दिसली तर धावायचं. त्याच्यावर राउंड्समन नावाचा वरिष्ठ. शिपाई जागेवर आहे की नाही, हे त्याने फिरून तपासायचं. कागदावर चोख व्यवस्था. रात्री चोराला काय रोखतं? कोपऱ्यावरून आत्ता पोलीस येईल, ही धास्ती. ती धास्ती गेली की बीट म्हणजे नकाशावरची नुसती रेघ.

रूझवेल्ट आणि रीस एकेक बीट चालत गेले. बहुतेक बीटांवर माणूसच नव्हता. एक जण लोण्याच्या पिंपावर बसून घोरत होता. काही जण दारूच्या गुत्त्यासमोर गप्पा हाणत उभे, आणि या चष्मेवाल्या माणसाने हटकल्यावर त्याच्यावरच गुरगुरले. पुढच्या एका फेरीत एक शिपाई ड्युटी सोडून हॉटेलात शिंपले खात बसलेला सापडला. तू जागेवर का नाहीस, असं विचारल्यावर त्याने या आगाऊ गिऱ्हाईकाला उडवून लावलं. समोरच्यांनी दात आणि चष्मा ओळखून इशारा केला तेव्हा त्याचा घास अडकला. सापडलेल्या सगळ्यांना सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहावं लागलं. जे जागेवर सापडले त्यांचं कौतुकही झालं. हा भाग बातम्यांत फारसा आला नाही, पण शिपायांपर्यंत तो नक्की पोचला असणार.

पेपरवाल्यांना तर मेजवानीच मिळाली. वेष बदलून बगदादमध्ये फिरणाऱ्या खलिफा हारून अल रशीदवरून त्यांनी याचं नाव हारून अल रूझवेल्ट ठेवलं. व्यंगचित्रांत नुसते दात आणि चष्मा काढला तरी काम भागायचं. रात्री कोपऱ्यावर कुठेही ते दात चमकतील या भीतीने शिपाई खरंच चालायला लागले.

मला यातली फोटोजेनिक बाजू कमी महत्त्वाची वाटते. खरी परीक्षा वेगळ्याच गोष्टीत झाली: रविवारी दारूबंदी.

न्यूयॉर्क राज्यात रविवारी दारू विकायला बंदी होती. पण गुत्ते मागच्या दाराने चालू असत, कारण पोलिसांना हप्ता होता आणि राजकारण्यांचा आशीर्वाद होता. ज्याचा वशिला नाही तोच पकडला जायचा. म्हणजे कायदा हे वसुलीचं हत्यार झालेलं. रूझवेल्ट दारूबंदीवाला नव्हता. हा कायदा त्याला फार शहाणपणाचाही वाटत नव्हता. पण त्याची भूमिका सरळ होती: कायदा पटत नसेल तर विधिमंडळात जाऊन बदला, तोवर तो सगळ्यांना सारखा लागेल.

याच काळात एडवर्ड बुर्क नावाचा नवखा शिपाई होता. त्याच्या बीटवर कॅलहन नावाच्या माजी आमदाराचा गुत्ता. आजवर त्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. बुर्कने गुत्ता बंद करायला सांगितलं, कॅलहनने त्याला मारलं, झटापट झाली, आणि बुर्कने त्याला पकडून नेलंच. कोर्टात कॅलहनच्या बाजूने पुढाऱ्यांची गर्दी. नवखा पोरगा एकटा पडला असता. पण त्याच्या पाठीशी स्वतः रूझवेल्ट कोर्टात येऊन उभा राहिला आणि पुढे बुर्कला बढती मिळाली. नवीन भरती झालेल्या पोराला भाषणं ऐकून शौर्य येत नाही, वरचा माणूस ऐनवेळी पाठीशी राहतो का, हे तो बघत असतो.

मात्र दुसरी बाजूही बघा. कामगाराला आठवड्यात सुट्टी एकच, रविवारची. बागेत बायकापोरांसोबत बसून बिअर प्यायची, ही जर्मन कुटुंबांची साधी मौज. ती गेली. श्रीमंतांच्या क्लबात मात्र रविवारीही ग्लास भरत होते, कारण क्लब त्या कायद्यात बसत नव्हते. जर्मनांनी निषेधाचा प्रचंड मोर्चा काढला आणि खोचकपणे रूझवेल्टलाच आमंत्रण दिलं. तो गेला! स्टँडवर उभा राहून स्वतःविरुद्धच्या पाट्या वाचत हसत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मतं दिली नाहीत. १८९६ मध्ये राज्याने नवा रेन्स कायदा आणला: रविवारी दारू फक्त हॉटेलात, तीही जेवणासोबत. हॉटेल म्हणजे किमान दहा खोल्या. झालं, गुत्तेवाल्यांनी माडीवर लाकडी फळ्या मारून दहा खोल्या काढल्या आणि एकच वाळलेलं सँडविच दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. त्या खोल्यांत काय धंदे चालले असतील याची कल्पना तुम्ही करा. कायदा काटेकोर राबवणं बरोबरच होतं, असं मला वाटतं. पण त्याचं बिल गरिबाने भरलं हेही खरं.

आता बंदुकीकडे येऊ. त्याआधी न्यूयॉर्कचा शिपाई स्वतःला परवडेल ते रिव्हॉल्व्हर खिशात टाकायचा. एकाचं जुनं, दुसऱ्याचं गंजलेलं, काडतुसं एकमेकांना न लागणारी. नेम कसा धरायचा हे कुणी शिकवलेलंच नसायचं. गजबजलेल्या गल्लीत असा माणूस गोळी झाडतो तेव्हा चोरापेक्षा खिडकीत उभ्या बाईला धोका जास्त. मंडळाने .३२ बोअरचं चार इंची नळीचं कोल्ट सगळ्यांसाठी एकच ठरवलं आणि १८९५ संपता संपता पिस्तूल सरावाची शाळा सुरू केली. तिचं काम विल्यम पेटी या पट्टीच्या नेमबाज सार्जंटकडे दिलं. अमेरिकेतल्या पोलीस प्रशिक्षणाची ही सुरुवातीची पायरी मानतात.

हत्यार कसं चालवायचं हे शाळेत शिकता येतं; कधी चालवायचं नाही, हा कायद्याचा भाग, आणि तो ठरायला फार वेळ लागला. गंभीर गुन्ह्यातला संशयित पळाला तर पोलीस गोळी घालू शकतो, असा इंग्लंडातून आलेला जुना नियम अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालला. निःशस्त्र माणूस केवळ पळतोय म्हणून त्याला गोळी घालता येणार नाही, तो इतरांच्या जिवाला धोका असला पाहिजे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं १९८५ मध्ये, टेनेसी विरुद्ध गार्नर खटल्यात.

खात्यात आणखीही बरंच घडलं. सायकलवरची गस्त चार जणांनिशी सुरू झाली, आणि बेफाम सायकलस्वारांना, उधळलेल्या घोड्यांना आवरू लागली. ज्यूंचा द्वेष पसरवणारा एक जर्मन वक्ता शहरात आला तेव्हा त्याची सभा बंद पाडण्याऐवजी रूझवेल्टने त्याच्या संरक्षणाला निवडून निवडून ज्यू पोलीस दिले. ऑगस्ट १८९६ च्या भयानक उन्हाळ्यात हजाराहून जास्त माणसं दगावली. तेव्हा पोलीस चौक्यांमधून गरीब वस्त्यांत फुकट बर्फ वाटला गेला.

एप्रिल १८९७ मध्ये त्याने ही नोकरी सोडली. मंडळातली भांडणं विकोपाला गेली होती, शहर वैतागलं होतं, आणि पुढच्या काही वर्षांत जुने हप्ते बऱ्याच अंशी परत आले. पुढचं तुम्ही इतिहासात वाचलं असेल: क्युबातली लढाई, गव्हर्नर, उपराष्ट्राध्यक्ष. सप्टेंबर १९०१ मध्ये रुमालात लपवलेल्या रिव्हॉल्व्हरने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचा बळी घेतला आणि ४२ व्या वर्षी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाला.

खिशात मावणाऱ्या हत्यारांची भीती त्यानंतर वाढतच गेली. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरावर गोळी झाडली गेली, जानेवारी १९११ मध्ये एका कादंबरीकाराचा भर रस्त्यात खून झाला, आणि त्याच वर्षी राज्याने सलिव्हन कायदा केला. पिस्तूल बाळगायचं तर परवाना हवाच. हा परवाना किती कडक असावा यावरचं भांडण तिथे अजून मिटलेलं नाही. सरसकट लोकांपेक्षा वेगळी, खास गरज दाखवण्याची अट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

कायदा होऊन वर्ष झालं होतं. रूझवेल्ट पुन्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रचार करत होता. १४ ऑक्टोबर १९१२ ला मिलवॉकीत तो मोटारीत उभा असताना श्रँक नावाच्या न्यूयॉर्कच्याच एका माणसाने जवळून त्याच्या छातीत गोळी झाडली. कोटाच्या खिशात घडी घातलेलं ५० पानी भाषण होतं, आणि चष्म्याची लोखंडी डबी. दोन्हीतून आरपार जाऊन गोळी बरगडीपाशी थांबली. जमावाने श्रँकला खाली पाडलं, तिथेच त्याचा जीव घ्यायची तयारी होती. छातीतून रक्त येत असताना रूझवेल्टने लोकांना थांबवलं, त्या माणसाला समोर आणायला लावलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायला सांगितलं. मग सभागृहात जाऊन भोकं पडलेल्या कागदांवरून जवळपास दीड तास बोलला. दवाखान्यात त्यानंतर गेला.

श्रँकवर रीतसर खटला उभा राहिला. तो मनोरुग्ण ठरला आणि उरलेलं आयुष्य त्याने मनोरुग्णालयात काढलं. गोळी काढण्यात जास्त धोका आहे म्हणून डॉक्टरांनी ती तशीच राहू दिली. ६ जानेवारी १९१९ ला झोपेतच रूझवेल्ट गेला, तेव्हाही ती त्याच्या छातीतच होती.