सार्वजनिक काकांचे वकीलपत्र

न्यायदानाचा विचार निघाला की लोकांची दृष्टी न्यायाधीशाच्या आसनाकडे वळते. त्या आसनापर्यंत सामान्य माणसाचे गाऱ्हाणे पोहोचविणारा जो वकील, त्याच्या वाट्याला आदरापेक्षा संशयच अधिक येतो. वकिली म्हणजे दुसऱ्याच्या भांडणावर चालणारा धंदा, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. परंतु या समजुतीला आपल्या आयुष्याने उत्तर देणारा एक वकील एकोणिसाव्या शतकात पुण्यात होऊन गेला. गणेश वासुदेव जोशी हे त्यांचे नाव. लोकांनी मात्र त्यांना 'सार्वजनिक काका' म्हटले आणि तेच नाव इतिहासात राहिले.

काकांचा जन्म १८२८ मध्ये साताऱ्याला झाला. तारुण्यात ते पुण्यास आले, काही काळ सरकारी कचेरीत नोकरी केली आणि पुढे वकिली पत्करली. विद्यापीठाची मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मात्र वकिलाच्या व्यवसायातील एक मूलभूत तत्त्व त्यांनी नेमके ओळखले होते. पक्षकाराने वकीलपत्र लिहून दिल्यावाचून वकिलाला त्याच्या वतीने उभे राहता येत नाही. त्याच्या बोलण्याला जे बळ येते ते त्या कागदावरील सहीमुळे.

हेच तत्त्व काकांनी न्यायालयाबाहेर आणले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी होत्या. त्या मांडायच्या तर कोणाच्या वतीने, असा प्रश्न उभा राहिला आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा सभेचा नियम होता. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. निवडणूक हा शब्दही जनतेला अपरिचित होता, त्या काळी प्रतिनिधित्वाची ही कल्पना वकिलीच्या दप्तरातून बाहेर पडली, हे विसरता येत नाही. पुढे सभेने दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली, तीही पक्षकाराची कैफियत मांडावी तशीच. १८७२ मध्ये काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेचे प्रतिनिधी म्हणून ते खादीच्या वेषात गेले.

परंतु काकांच्या कार्याचा कस लागला तो न्यायाच्या किमतीच्या प्रश्नावर. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा कायद्याने सर्वांना खुला होता. व्यवहारात तो सावकारालाच परवडत होता. कोर्ट फी, समन्सचा खर्च, वकिलाची फी यांचा भार सावकार सोसू शके आणि शेवटी तो ऋणकोच्याच माथी मारू शके. शेतकऱ्याने दूरच्या न्यायालयात जायचे तर कामाचे दिवस बुडत. म्हणून तो जात नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणल्यामुळे कर्जरोखे पुनःपुन्हा नव्याने लिहिले जात व प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात मिसळे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. तेथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता, यातच सारे आले.

याच सुमारास काकांनी पुण्यात लवाद न्यायालय सुरू केले आणि इतरत्रही ती कल्पना पोहोचविण्यासाठी खटपट केली. दोन्ही पक्षांनी संमतीने पंच नेमावेत आणि थोडक्या खर्चात निवाडा घ्यावा, अशी ही व्यवस्था. असा निवाडा दिवाणी न्यायालयात दाखल करून घेण्याची तरतूद कायद्यात होतीच. कज्जे कमी झाले तर पहिली झळ वकिलांच्या प्राप्तीला लागणार, हे उघड होते. तरीही या कामी एक वकीलच पुढे झाला. लवादाची मर्यादाही स्पष्ट होती. ज्याच्या हाती हुकूमनाम्याचे शस्त्र आहे, त्याने ते म्यान करून पंचांपुढे का यावे? संमतीवर चालणारी व्यवस्था बरोबरीच्यांत चांगली चालते. बळी तो कान पिळी अशी स्थिती असेल तेथे कायद्याचा हातच लागतो.

तो हात १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुढे केला. कर्जरोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला, सलोखा करणारे अधिकारी व गावमुन्सफ आले. त्यांच्यापुढे, तसेच या कायद्याखालील शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलाला एरवी मज्जाव झाला. त्याच वेळी, सावकाराने वकील दिला असून शेतकरी निर्धन असेल, तर त्याच्यासाठी सरकारी वकील उभा करण्याची मुभाही न्यायाधीशाला मिळाली. वकील रोगही आहे आणि औषधही आहे, हे कायद्याने एकाच दमात मान्य केले.

औषधाची गरज किती, हे त्याच वर्षी पुण्याने पाहिले. वासुदेव बळवंत फडके जुलै १८७९ मध्ये पकडले गेले. सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप, सशस्त्र बंड, दरोडे, आणि पुण्यातील सुशिक्षितांवर सरकारची वक्रदृष्टी. न्यायमूर्ती रानड्यांची धुळ्यास झालेली बदलीही याच वातावरणातली. अशा वेळी काकांनी फडक्यांचे वकीलपत्र घेतले. काकांचा मार्ग अर्जांचा व सभांचा, फडक्यांचा शस्त्राचा. आरोपीचा बचाव म्हणजे त्याच्या मार्गाचा पुरस्कार नव्हे, हा भेद काकांनी कृतीने दाखविला. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर वर्षाच्या आतच, २५ जुलै १८८० रोजी काकांचे निधन झाले.

आज कायद्याचा ग्रंथ पुष्कळ समृद्ध आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेसाहाय्य मार्गदर्शक तत्त्वांत आले. १९८७ च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणे व लोकअदालती यांना वैधानिक आधार दिला. २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला. तरीही विशिष्ट आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील संघांनी केले आणि ते रद्दबातल असल्याचे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. गरिबाला वकील मिळावा यासाठी पैशाची तरतूद लागते, ती करणे शासनाचे काम आहे. नावडत्याला वकील मिळावा यासाठी मात्र अंदाजपत्रकात कोणतेही कलम घालता येत नाही. तेथे व्यवसायाची नीतीच उपयोगी पडते. काकांच्या स्मृतीचा खरा मान राखायचा असेल, तर प्रत्येक वकील संघाने आपल्या दप्तरातील असे ठराव एकदा तपासून पाहावेत.