इंजिन स्वच्छ, हवा विषारी

इंधनात मिसळलेले काही थेंब साऱ्या जगाची हवा कशी बिघडवू शकतात, हे थॉमस मिजली यांच्या चरित्रावरून कळते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बीव्हर फॉल्स येथे १८ मे १८८९ रोजी त्यांचा जन्म झाला. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर १९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

त्या काळी मोटारीच्या इंजिनात इंधन अवेळी पेट घेई. इंजिन खडखडे आणि शक्ती वाया जाई. असंख्य पदार्थ पारखल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथिल लेड या शिशाच्या संयुगाने ही खडखड थांबवली. मात्र ज्वलनानंतर शिशाच्या ऑक्साइडचा थर झडपांवर आणि स्पार्क प्लगवर साचू लागला. त्यावर एथिलीन डायब्रोमाइडची मात्रा लागू पडली. शिशाचे ब्रोमाइड बनून ते धुराबरोबर बाहेर पडू लागले. इंजिन स्वच्छ राहिले, पण शिसे लोकांच्या श्वासात गेले.

फेब्रुवारी १९२३ मध्ये या पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याच सुमारास स्वतः मिजली यांना शिशाच्या विषबाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात याच रसायनाने पाच कामगारांचा बळी घेतला. तरीही मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर ओतून आणि हुंगून दाखवले. धोका ठाऊक असूनही केलेले हे प्रदर्शन त्यांच्या कीर्तीवरील डाग ठरले.

पुढे शीतकपाटांसाठी त्यांनी फ्रीऑन वायू शोधला. हाच वर्ग ओझोनच्या थराला घातक असल्याचे १९७४ मध्ये उघड झाले. हयातीत मात्र त्यांना सन्मानच लाभले. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

१९४० मध्ये पोलिओने त्यांना पंगू केले. अंथरुणातून उठता यावे म्हणून त्यांनी दोर व कप्प्यांची यंत्रणा रचली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळफास बसून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

भारतात एप्रिल २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने ते थांबवले. मिजली यांच्या शोधाची किंमत चुकवण्यात जवळपास शतक लोटले.