दरबार उठला की कारागिराचं काय होतं? धनंजयराव गाडगीळांनी मांडलेला हिशेब

ग्वाल्हेर : दौलतराव शिंद्यांची छावणी 1810च्या सुमारास इथं स्थिरावली आणि तिचंच लष्कर शहर झालं. फौजेमागोमाग बाजार आला. चंदेरीचे विणकर पागोटी, लुगडी विणायचे ती अशाच सरदार-दरबारांच्या भरवशावर. पण जिथं दरबारच बुडाला तिथं काय झालं?

हा प्रश्न धनंजय रामचंद्र गाडगीळांनी धसाला लावला. जन्म नाशिकचा, 10 एप्रिल 1901, बालपण नागपुरात. म्हणजे भोसल्यांचं राज्य 1854ला खालसा झालेल्या गावात. केंब्रिजला केलेला त्यांचा प्रबंध 1924 साली भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचं पुस्तक म्हणून निघाला. वय अवघं 23! विलायती कापडानं कारागीर मारला, एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. दरबार गेले, गिऱ्हाईक गेलं. नव्या शिकलेल्या वर्गाला साहेबी वस्तूंची गोडी लागली. कारागिरांच्या संघटनाही ढिल्या पडल्या. गिरणीच्या मालाचा मार या सगळ्याच्या जोडीनं बसला.

ग्वाल्हेरचा दरबार 1948पर्यंत टिकला, त्यामुळे हा मुद्दा इथं उलट बाजूनं तपासता येतो. चंदेरीचा माग चालू राहिला, पण विणकराच्या हाती सूत मात्र गिरणीचंच आलं.

1930ला पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि गाडगीळ तिचे संचालक झाले, ते 1966पर्यंत. पुण्यातल्या घराघरांची पाहणी, वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च, अशी कामं तिथं झाली. हे सगळं कागदावरच राहिलं असतं. पण विठ्ठलराव विखे पाटलांसोबत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा अध्यक्षपदी हेच प्राध्यापक होते.

सीमाभागाला त्यांचं नाव माहीत आहे ते 'गाडगीळ सूत्रा'मुळे. ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना, 1969 साली, केंद्राची योजना-मदत राज्यांना मर्जीनं नव्हे, मोजमापानं वाटायचं ठरलं. आसाम, नागालँड, जम्मू-काश्मीरचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्यात 60 टक्के लोकसंख्येवर; कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीची धडपड, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि खास अडचणी यांना 10-10 टक्के. लोकसंख्येला इतकं वजन दिल्यानं गरीब राज्यांना पुरेसं मिळालं का, हा वाद रास्तच होता.

1971ला त्यांनी आयोग सोडला. 3 मे रोजी निधन झालं. त्यांचे विखुरलेले लेख, टिपणं, भाषणं कन्या सुलभा ब्रह्मे यांनी संपादित करून खंडरूपानं आणली. संस्थेचं पुण्यातलं ग्रंथालय आज त्यांच्याच नावानं आहे.