वजनकाट्याला न दिसणारा आजार

मुरबाड सोडून माळशेजच्या रस्त्याला लागलं की वैशाखरे येतं. नाणेघाटच्या ट्रेकसाठी तुमच्यापैकी बरेच जण तिथे उतरले असतील. अशा गावातून एसटीने कॉलेजला येणारी एखादी मैत्रीण रोज डबा तसाच परत नेत असेल, तर तुम्ही काय समजाल? उपवास असेल, पित्त झालं असेल, नाहीतर डाएट. पण कधी कधी तो आजारही असतो. तो डोक्यात सुरू होतो, ताटापर्यंत नंतर पोचतो. हे नीट उलगडून दाखवणाऱ्या डॉक्टरचं नाव हिल्डे ब्रुख.

हिल्डेचा जन्म १९०४ चा, जर्मनीतल्या ड्युल्केन या लहानशा गावात, ज्यू कुटुंबात. तिला व्हायचं होतं गणितज्ञ. पण ज्यू मुलीला डॉक्टरकी जास्त उपयोगी पडेल, असं नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने समजावलं. १९२९ मध्ये ती डॉक्टर झाली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि तिला देश सोडावा लागला. आधी इंग्लंड, मग १९३४ मध्ये न्यूयॉर्क.

तिथल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात तिने लठ्ठ मुलांचा अभ्यास सुरू केला. त्या काळी बरेच डॉक्टर ग्रंथींना दोष देऊन मोकळे व्हायचे. हिल्डेने मुलं तपासली, तर बहुतेकांच्या ग्रंथी ठीकठाक! मग ती त्यांच्या घरात डोकावली. काही घरांत मूल रडलं, कंटाळलं, घाबरलं, तरी उपाय एकच: खाऊ. अशा मुलाला खरी भूक ओळखता येणार कशी? या प्रश्नाच्या मागे लागून ती मानसोपचार शिकली.

पुढे तिच्याकडे उलट्या टोकाचे पेशंट आले. मुख्यतः तरुण मुली, हाडं दिसेपर्यंत उपाशी राहणाऱ्या. आजार ॲनोरेक्सिया नर्व्होसा. १९६२ मध्ये तिने या आजाराच्या तीन खुणा मांडल्या. एक, कितीही वाळलं तरी आपण जाडच आहोत असं वाटणं. दोन, भूक, थकवा असे शरीराचे निरोप न कळणं. तीन, आयुष्यात आपल्या हाती काहीच नाही ही खोल भावना. मग वजन तेवढं हाती असल्यासारखं वाटतं, म्हणून ते घट्ट धरलं जातं.

आपल्या उपवासाशी ताडून बघा. एकादशीला दुसऱ्या दिवशी पारणं असतं. या विचाराला पारणंच नसतं. पाच किलो उतरले की आणखी दोन उतरवायचे असतात.

१९७८ मध्ये सामान्य वाचकांसाठी तिने ‘द गोल्डन केज’, म्हणजे सोन्याचा पिंजरा, हे पुस्तक लिहिलं. त्यातल्या मुली हुशार, शहाण्या, घरच्यांच्या लाडक्या. म्हणूनच त्यांची घुसमट कुणाच्या लक्षात येत नव्हती.

पण विचार मोजायचे कसे? टोरांटोच्या डेव्हिड गार्नर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ४० प्रश्नांची चाचणी तयार केली, १९८२ मध्ये ती २६ प्रश्नांवर आणली. जाड होण्याची भीती वाटते का, खाल्ल्यावर अपराधी वाटतं का, असे प्रश्न. उत्तर नेहमीपासून कधीच नाहीपर्यंत. २० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाकडे जायचं. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. १९८३ मध्ये ६४ प्रश्नांची मोठी चाचणी आली. शरीराचे निरोप ओळखणं आणि हतबलता हे तिचे दोन भाग हिल्डेच्या विचारांवर उभे आहेत. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८४ मध्ये, हिल्डे गेली. गणित सुटलं होतं, पण तिच्या निरीक्षणांना शेवटी आकडे मिळाले.

तेव्हा मैत्रीण असो वा मित्र, किती बारीक झालीस किंवा झालास, असं कौतुक करण्याआधी जरा थांबा. जेवलीस का, जेवलास का, एवढंच न विचारता खाताना मनात काय येतं ते विचारा आणि ऐकून घ्या. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी लागला, तरी बिनधास्त लावा.