नागपूरचा गोलरक्षक

हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात. आज आम्ही त्यांच्याच संघातल्या रिचर्ड ॲलन यांची ओळख करून देत आहोत.

ॲलन यांचा जन्म १९०२ साली नागपूरला झाला. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. त्यांतले १४ ध्यानचंदांचे, ॲलन यांचा एकही नाही. पण त्यांनी समोरच्यांनाही एकही गोल करू दिला नाही! भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुढे १९३२ आणि १९३६ सालच्या सुवर्णविजेत्या संघांतही ते होते. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दार्सैतला खेळताना गोलात उभे राहायला कोणी तयार नसते. आता तुमची पाळी आली, तर रुसू नका बरं का!