हाफकिन: लस आणि तिचा पुरावा

परळला आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्था आहे हे बहुतेक मुंबईकरांना ठाऊक असते. केईएम किंवा टाटा रुग्णालयात जाता-येता तिची पाटी दिसते. लसींचे, सापाच्या विषाचे काहीतरी काम तिथे चालते, एवढेही कानावर आलेले असते. पण ज्यांचे नाव या संस्थेला दिले आहे ते हाफकिन कोण, असे विचारले तर अनेक जण अडखळतात. प्लेगची लस शोधणारे शास्त्रज्ञ, इतकेच उत्तर मिळते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. लस तयार करणे हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग होता. ती लस खरोखर उपयोगी पडते का, हे माणसे मोजून दाखवणे हा उरलेला अर्धा. पुढे त्यांच्यावर जे संकट आले, त्यात नेमका हाच प्रश्न उलटून त्यांच्यासमोर उभा राहिला.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले. त्यांचे शिक्षक होते एली मेचनिकॉफ. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, हे दाखवून ज्यांनी रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाचा पाया घातला आणि पुढे १९०८चे नोबेल मिळवले, तेच हे मेचनिकॉफ. गुरू उत्तम मिळाला, पण काळ वाईट होता. झारच्या राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. तरुण हाफकिन स्वसंरक्षण दलात सामील झाले, जखमी झाले, त्यांना अटकही झाली. शिक्षण पुरे झाल्यावर प्राध्यापक व्हायचे तर ख्रिस्ती धर्म स्वीकारावा लागेल असे सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि संग्रहालयात साधी नोकरी धरली. एकपेशीय जीवांवर संशोधन करत त्यांनी तिथे काही वर्षे काढली.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात थोडा काळ शिकवून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. मेचनिकॉफ आधीच तिथे गेले होते. पण संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयातल्या सहायकाची. हाफकिन यांनी तीच घेतली. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि मोकळ्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा क्रम सुरू झाला.

त्या वर्षांत युरोप पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, नव्या लाटेने धास्तावला होता. हाफकिन यांनी पटकीचा जंतू हाती घेतला. अडचण अशी होती की वेगवेगळ्या रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंचा जोर सारखा नसे. त्यातून बनवलेली लस आज सौम्य तर उद्या घातक ठरली असती. म्हणून त्यांनी जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या असा पुढे नेत त्याचा जोर एका ठरावीक पातळीपर्यंत वाढवला. मग यातलेच काही जंतू उष्ण हवेत वाढवून दुर्बल केले. आधी दुर्बल जंतूंची सुई द्यायची, काही दिवसांनी जोरदार जंतूंची. पहिल्या सुईने शरीर सावध होते, म्हणून दुसरी ते सहन करते आणि अधिक पक्के संरक्षण उभे करते, असा हा विचार होता. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत बरे वाटले. त्यानंतर काही मित्रांनीही ती घेतली.

पण निरोगी माणसाला लस सोसली म्हणजे ती रोग टाळते असे होत नाही. त्यासाठी जिथे रोग आहे तिथे जायला हवे होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले. मार्ग सोपा नव्हता. ते रशियन असल्याने काहींना हेर वाटत. ते वैद्यकीय पदवीधर नसून प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यामुळे सरकारी डॉक्टरांना त्यांचा उपदेश रुचत नसे. आणि परका माणूस सुई टोचायला आला की लोकांना भीती वाटे, ती वेगळीच.

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान या वस्तीत पटकी आली. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. पाणी एकच, गल्ल्या त्याच. पुढे त्या वस्तीत जे रुग्ण निघाले ते सगळे लस न घेतलेल्यांमधले होते. हाफकिन यांना हवा होता तो पुरावा असा होता. किती जणांना लस दिली, हा आकडा त्यांच्या दृष्टीने गौण होता. एकाच जागी, एकाच काळात राहणाऱ्या दोन गटांचे काय झाले, हा आकडा महत्त्वाचा. १८९५पर्यंत उत्तर भारत, बंगाल आणि आसाममधील चहामळे फिरून त्यांनी ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. मलेरियाने प्रकृती ढासळल्यावर ते काही काळ युरोपात परतले.

ते पुन्हा भारतात आले तेव्हा मुंबईवर वेगळेच संकट कोसळले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातले रुग्ण तपासताना मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून काही महिन्यांत जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. सरकारने हाफकिन यांना मुंबईत बोलावले. ७ ऑक्टोबरला ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर काम सुरू झाले.

प्लेगच्या लसीसाठी त्यांनी वेगळी वाट धरली. इथे जिवंत जंतू वापरायचे नव्हते. जंतू भरपूर वाढवायचे, मग उष्णतेने मारायचे आणि मेलेल्या जंतूंचीच लस करायची. जंतू मेला तरी त्याच्या अंगावरची ओळख शिल्लक राहते. ती ओळख शरीराच्या संरक्षक यंत्रणेला आधीच पटवून दिली, तर खरा जंतू आल्यावर ती वेळ घालवत नाही. जंतू वाढवण्यासाठी हाफकिन यांनी मांसाच्या रसावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना चिकटत आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळके लोंबावेत तसे खाली लोंबत वाढत. बाटली हलवली की सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे वाढू लागत. घराघरांत असलेल्या तुपामुळे थोड्या जागेत खूप लस तयार होऊ लागली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. पुढे लोकांना दिली जाणार होती त्याहून कितीतरी मोठी मात्रा त्यांनी घेतली. जोराचा ताप आला, पण ते उभे राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जे कैदी स्वखुशीने तयार झाले त्यांना ३० जानेवारीला लस देण्यात आली. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता असे काही जण त्याच दिवशी आजारी पडले. त्यांना वगळल्यावर हिशेब असा निघाला: लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघांना झाला, दोघेही वाचले.

तुरुंगाबाहेर मात्र वातावरण तापले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. घरझडत्या, सामान जाळणे, रुग्णांना जबरदस्तीने वेगळे नेणे यांमुळे लोक प्लेगइतकेच प्लेगच्या अधिकाऱ्यांनाही घाबरू लागले. पुण्यात त्याची परिणती जूनमध्ये रँडच्या हत्येत झाली. त्याच पुण्यात १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. भायखळ्याच्या प्रयोगाला तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता. अशा संतापाच्या दिवसांत हाफकिन यांची भिस्त सक्तीवर नव्हती, लोक आपणहून पुढे येण्यावर होती. तरुण आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे हजारो खोजा अनुयायी पुढे आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला.

सर्वांत स्पष्ट पुरावा मिळाला तो बडोद्याजवळच्या उंढेरा गावात, फेब्रुवारी १८९८ मध्ये. गावात प्लेग होता. हाफकिन यांनी एकेक कुटुंब समोर बसवले आणि वय, प्रकृती, स्त्री-पुरुष पाहून प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. छप्पर एक, चूल एक, उंदीर आणि पिसवाही त्याच. काही आठवड्यांनी मोजदाद झाली. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ गेले. लस परिपूर्ण नव्हती, पण एकाच घरातल्या जगण्या-मरण्याच्या हिशेबात तिने केलेला फरक कोणालाही दिसण्याजोगा होता. निम्म्यांना लस न देण्याचा हा मार्ग आज कडक नैतिक तपासणीशिवाय मान्य होणार नाही. पण नव्या लसीच्या चाचणीत तुलनेचा गट आजही असतोच.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. मागणी प्रचंड होती. उत्पादन वाढवण्यासाठी त्यांनी लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी गाळली आणि जंतू मारण्यासाठी केवळ उष्णतेवर भर दिला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवड्याभराने त्यांतल्या १९ जणांचे जबडे आखडू लागले. हा धनुर्वात होता. ते सगळे मरण पावले. या १९ जणांना लस एकाच बाटलीतून दिली गेली होती. ती बाटली परळहून आलेली होती.

मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, म्हणजे दोष प्रयोगशाळेचा, असा तिचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका ठेवला गेला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. जी लस लाखोंना वाचवत होती तिचा जनक १९ मृत्यूंचा धनी ठरला.

आता प्रश्न तोच होता, पुरावा काय सांगतो? त्या दिवशी उघडलेल्या दुसऱ्या बाटल्यांमधली लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नव्हते. धनुर्वाताचा जंतू प्रयोगशाळेतच बाटलीत शिरला असता, तर ४१ दिवसांत तो वाढून लसीला उग्र दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास आला नव्हता. बाटलीत विष साठलेले असते तर रुग्ण लवकर आजारी पडले असते, पण लक्षणे दिसायला आठवडा लागला. नुकतेच शरीरात गेलेले जंतू असेच वागतात. आणि एक बारीक तपशील नोंदींत होता. बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि कार्बोलिकमध्ये जरासा बुचकळून पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात आणि जंतुनाशकात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत.

हे मुद्दे लंडनमध्ये मांडायला प्राध्यापक विल्यम सिम्पसन आणि मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस पुढे आले. जुलै १९०७ मध्ये १० शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा आरोप सिद्ध होत नसल्याचे जाहीर केले. वर्षअखेरीस सरकारने त्यांना पुन्हा भारतात नेमले. मात्र नेमणूक कलकत्त्यात होती, परळला नव्हती, आणि लसीच्या नव्या चाचण्यांना मुभाही नव्हती. ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती. १९१५च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले.

परळच्या प्रयोगशाळेचे काम थांबले नव्हते. १८९७ ते १९२५ या काळात तिथून लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. हे कळल्यावर त्यांनी आभाराचे पत्र लिहिले आणि आपल्या आयुष्यातली सर्वोत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेल्याचे नमूद केले. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली.

आज प्लेगवर प्रतिजैविके आहेत आणि हाफकिन यांची लस इतिहासजमा झाली आहे. मात्र कोणतीही नवी लस आली की तिने किती जणांना वाचवले हे विचारण्याआधी, लस न घेतलेल्यांचे त्याच काळात काय झाले, हे विचारावे लागते. उंढेऱ्याच्या घरांमध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न हाच होता. त्यांच्या स्वतःच्या चौकशीत मात्र असे काटेकोर प्रश्न विचारले जायला पाच वर्षे लागली.